भाग ४७ : फौजीची पेन्शन आणि घटस्फोट, बायकोला वाटा मिळतो का?

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकायला वेळ नसणाऱ्यांसाठी आणि ज्यांना कागद हातात धरून वाचायचं आहे त्यांच्यासाठी. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी तसंच ठेवलं आहे.)

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटीच बोलणार आहे. विषय असा आहे की त्याला पाहुणे बोलावून गप्पा मारण्यापेक्षा सरळ उत्तर दिलेलं बरं. कारण ज्या ताईंनी प्रश्न विचारलाय त्यांच्याकडे वेळ कमी आहे.

त्यांचा व्हॉइस मेसेज आला. नाव, गाव सांगत नाही. सातारा जिल्ह्यातल्या आहेत एवढंच. त्यांच्याच शब्दांत सांगते: "मॅडम, आमचं हे हवालदार हायत. चार म्हैन्यानं पेन्शन येणार. सहा वर्षं झाली, मी पोरांना घेऊन माहेरी हाय. आता ते म्हणत्यात संमतीनं सोडचिठ्ठी घिऊ, सहा लाख देतो, कागद करून टाकू. पुढच्या आठवड्यात सही हाय. भावानं मोबाईलवर व्हिडिओ दावला, त्यात सांगितलंय फौजीच्या बायकोला निम्मी पेन्शन मिळती. मग मी सहा लाखावर सही करू का?"

ताई, आधी उत्तर आणि मग स्पष्टीकरण. तो व्हिडिओ अमेरिकेचा आहे. आपल्याकडे निम्मी पेन्शन मिळत नाही. पण म्हणून त्या कागदावर सही करा असंही नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये बरंच काही आहे, ते आता सांगते.

व्हिडिओपासूनच सुरुवात करू, म्हणजे गैरसमज कुठून येतो ते कळेल. अमेरिकेत लग्नाच्या काळात मिळवलेली मालमत्ता ही, ढोबळमानाने, दोघांची कमाई धरतात. पद्धत राज्याराज्यात वेगळी, काही ठिकाणी निम्मी-निम्मी, काही ठिकाणी न्याय्य वाटेल तशी. मग प्रश्न आला की सैन्याची पेन्शन ही मालमत्ता की नाही? १९८१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकार्टी नावाच्या खटल्यात सांगितलं, नाही, ही वाटता येणार नाही. त्यावर एवढा गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, तिथल्या संसदेने कायदा करून राज्यांच्या कोर्टांना ही पेन्शन वाटायची मुभा दिली. मुभा, सक्ती नाही हं. निम्मी मिळायलाच पाहिजे असं त्या कायद्यातसुद्धा कुठे लिहिलेलं नाही. पन्नास टक्के ही वरची मर्यादा आहे, आणि ती सरकारी खात्याने परस्पर किती द्यायचे याची.

तिथे एक दहा-दहाचा नियम आहे. लग्न किमान दहा वर्षांचं आणि त्या काळात नवऱ्याची नोकरीही किमान दहा वर्षं, असं असेल तर संरक्षण खात्याचं वित्त कार्यालय घटस्फोटित बायकोच्या खात्यात थेट पैसे भरतं. बरेच जण समजतात की दहा वर्षं झाली नसतील तर हक्कच नाही. तसं नाही. हक्क कोर्ट देतं, दहा वर्षांचा नियम फक्त पैसे कोणत्या वाटेने येणार ते ठरवतो. आणि एक वीस-वीस-वीसचा नियम आहे: वीस वर्षं नोकरी, वीस वर्षं लग्न, आणि दोन्ही एकावर एक वीस वर्षं, मग तिला घटस्फोटानंतरही लष्करी दवाखान्याची आणि दुकानाची सोय राहते. नवऱ्याच्या मृत्यूनंतर पेन्शनचा काही भाग मिळावा म्हणून वेगळी योजना आहे, त्यातही कोर्टाच्या हुकुमाने पूर्वपत्नीचं नाव लावता येतं, पण खात्याकडे अर्ज एका वर्षाच्या आत गेला पाहिजे. तिथल्याही बायका यात फसतात. २०१७ च्या हॉवेल खटल्यात काय झालं बघा. नवऱ्याने अपंगत्वाचा भत्ता घेतला, त्यापोटी तेवढी पेन्शन सोडली, बायकोचा वाटा आपोआप कमी झाला, आणि सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ती तूट नवऱ्याकडून भरून घेता येणार नाही.

तर मुद्दा हा, की तिकडे पेन्शन ही वाटायची वस्तू आहे. आपल्याकडे ती नवऱ्याचं उत्पन्न आहे. हा फरक डोक्यात पक्का बसवा, बाकी सगळं त्यातून निघतं.

आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट झाला म्हणजे नवऱ्याच्या मालमत्तेची वाटणी होते असं नाही. तुमचं स्त्रीधन तुमचं. दोघांच्या नावावर असलेल्या गोष्टींचा हिशेब होतो. त्यापलीकडे वाटा नाही, पोटगी आहे. वाटा आणि पोटगी हे दोन शब्द आपण बोलताना एकात एक घालतो. पण वाटा हा मालकाचा असतो, पोटगी ही गरज आणि ऐपत बघून ठरते. नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला घटस्फोटाच्या वेळी हिस्सा द्यावा असं एक विधेयक २०१० मध्ये आलं होतं, राज्यसभेने २०१३ मध्ये ते मंजूरही केलं, पण त्याचा कायदा काही झाला नाही.

गोव्याचे श्रोते इथे हात वर करतील. बरोबर, तुमच्याकडे वेगळं आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरतात. तुमच्यासाठी वेगळा भाग करायला पाहिजे, आज नको.

आता सैन्य. इथे एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तीच कोणी सांगत नाही. ताईंनी मेसेजच्या शेवटी ओझरतं सांगितलं, की "आर्मीतनं दर म्हैन्याला पैसं येत्यात, त्यावर चाललंय." मी फोन करून विचारलं. तर त्यांना लष्करातून निर्वाह भत्ता मंजूर झालेला आहे. बऱ्याच फौजींच्या बायकांना हा रस्ता माहीत नसतो, यांना कोणीतरी चांगलं सांगितलं असणार. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ९० आणि ९१ खाली, नवरा बायकोमुलांना सांभाळत नसेल तर लष्करच त्याच्या पगारातून कापून बायकोच्या खात्यात भरू शकतं. कोर्टात जावं लागत नाही. कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज करायचा, नवऱ्याला कारणे दाखवा नोटीस जाते, त्याचं म्हणणं ऐकलं जातं आणि वरून हुकूम होतो. बायकोसाठी पगाराच्या २२ टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलासाठी साडेपाच टक्के, आणि सगळं मिळून ३३ टक्क्यांच्या वर नाही.

हा रस्ता का आहे, तर त्याच कायद्याच्या कलम २८ प्रमाणे दिवाणी कोर्ट सैनिकाचा पगार जप्त करू शकत नाही. एक दार बंद केलं म्हणून दुसरं उघडं ठेवलंय.

पण ऐका. ही कपात पगारातून आहे. तो ज्या दिवशी पेन्शन येतो त्या दिवशी पगार संपतो आणि कपातही संपते. पेन्शनमधून लष्कर असे पैसे कापून देत नाही. ताईंना वाटत होतं की आता पगारातून येतात तसे पुढे पेन्शनमधून येतील. माझ्याकडे आलेल्या फौजींच्या बायकांपैकी बहुतेकींना तसंच वाटत असतं. त्याच्या शेवटच्या पगाराबरोबर तुमचा शेवटचा हप्ता येतो, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही पासबुक भरायला बँकेत जाता तेव्हा कळतं. म्हणून कोर्टातला पोटगीचा अर्ज तो रिटायर व्हायच्या आधी पडलेला असला पाहिजे. चार महिने म्हणजे फार नाहीत. अंतरिम पोटगीचा हुकूम व्हायलासुद्धा तारखा पडतात.

आता सहा लाखांचा हिशेब करू. पाटी-पेन्सिल घ्या. मी आकडे गोल धरते, ताईंच्या यजमानांचे नेमके आकडे माझ्याकडे नाहीत, पण २४ वर्षं नोकरी झालेल्या हवालदाराच्या जवळपास जाणारे आहेत. समजा मूळ वेतन, मिलिटरी सर्व्हिस पे वगैरे धरून ४८,००० आणि महागाई भत्ता ५५ टक्के. म्हणजे हातात साधारण ७४,४००.

पेन्शन शेवटच्या वेतनाच्या निम्मी, म्हणजे २४,०००. त्यातली निम्म्यापर्यंत रक्कम विकता येते, त्याला कम्युटेशन म्हणतात, आपली फौजी माणसं "पेन्शन विकली" असंच म्हणतात. बारा हजार विकले तर बारा हजार गुणिले बारा महिने गुणिले त्या वयाचा गुणक, जो चाळिशीच्या आसपास नऊच्या थोडा वर असतो. तेरा लाखांच्या आसपास एकरकमी मिळतात. ग्रॅच्युइटी नऊ लाखांच्या घरात. रजेचे पैसे, तीनशे दिवस शिल्लक असतील तर, सव्वासात-साडेसात लाख. झाले एकोणतीस-तीस लाख. यात अजून प्रॉव्हिडंट फंड धरला नाही, जवानांचा तो एएफपीपी फंड, आणि आर्मी ग्रुप इन्शुरन्सची मुदतपूर्तीची रक्कम धरली नाही. यातून कर्ज काढलं असेल तर ते वजा होणार हे खरंच. तरी चार महिन्यांनी त्या घरात तीसेक लाख आणि आयुष्यभराची पेन्शन येणार आहे, आणि पुढच्या आठवड्यात सहा लाखांवर सही मागितली जातेय. घाई कोणाला आहे आणि का, ते मी सांगायला नको.

(इथे मी रेकॉर्डिंग थांबवून पाणी प्यायले. आवाज चढला होता.)

महिन्याचं बघू. पेन्शनवरचा महागाई दिलासा पूर्ण २४,००० वर मिळतो, विकून उरलेल्यावर नाही. म्हणजे २४,००० आणि १३,२००, मिळून ३७,२००. त्यातून विकलेले १२,००० गेले की बँकेत २५,२०० जमा होणार. आता पोटगी किती? ठरलेलं कोष्टक नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या एका निकालाचा आधार घेऊन २०१७ मध्ये म्हटलं की नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के हे योग्य म्हणता येईल, ते प्रमाण धरून खालची कोर्टं चालतात, कमीजास्त करतात. पंचवीस टक्के ३७,२०० वर काढले तर ९,३०० होतात. २५,२०० वर काढले तर ६,३००. नवऱ्याचा वकील काय करणार? बँकेचं पासबुक दाखवणार, साहेब पंचवीसच हजार येतात. आणि तुमच्या वकिलाने जर सांगितलं नाही की त्या बदल्यात तेरा लाख आधीच उचलले आहेत, तर महिन्याला तीन हजारांचा फटका. विकलेली पेन्शन पंधरा वर्षांनी परत चालू होते. पंधरा वर्षांचे तीन-तीन हजार म्हणजे पाच लाख चाळीस हजार. जवळजवळ तुम्हाला देऊ केलेले सहा लाख!

म्हणून कागद मागा. २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोटगीच्या प्रत्येक दाव्यात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. ठरलेला नमुना आहे. ते भरून घ्या. पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, तिची प्रत मागा. आता पेन्शन स्पर्श प्रणालीतून प्रयागराजच्या कार्यालयाकडून थेट येते, त्यामुळे किती मंजूर झाली, किती विकली, सगळं एका कागदावर असतं. लपवायला जागा कमी.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, कोर्टाने हुकूम केला आणि त्याने दिलेच नाहीत तर? पेन्शनला हात लावता येत नाही असं सगळे म्हणतात. म्हणतात ते अर्धं खरं आहे. पेन्शन ॲक्ट १८७१ च्या कलम ११ प्रमाणे सावकार, बँका यांना सरकारी पेन्शन जप्त करता येत नाही. पण २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केलं की हे संरक्षण धनकोंच्या विरुद्ध आहे, पोटगी मागणारी बायको ही धनको नव्हे. पोटगीसाठी पेन्शन जप्त होऊ शकते. मला हा निकाल फार आवडतो, कारण तो साधा आहे. एक मात्र सांभाळा. फौजदारी बाजूच्या पोटगीची थकबाकी, म्हणजे पूर्वीचं कलम १२५, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, तिच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. "देतील, देतील" म्हणून तीन वर्षं थांबलेल्या बायका माझ्याकडे येतात. जुन्या दोन वर्षांचं पाणी झालेलं असतं.

आता सगळ्यात अवघड भाग. घटस्फोटाने काय जातं.

घटस्फोट झाला की फौजीची बायको म्हणून असलेलं सगळं जातं. नवरा पार्ट टू ऑर्डर करून घेतो, रेकॉर्ड ऑफिसला नोंद होते, मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर बेळगावला, आणि तिथून तुमचं नाव निघतं. ईसीएचएसचं कार्ड जातं, म्हणजे माजी सैनिकांची ती दवाखान्याची योजना. कँटीन कार्ड जातं. आणि फॅमिली पेन्शन जाते. फॅमिली पेन्शन म्हणजे त्याच्या माघारी विधवेला मिळणारी पेन्शन. शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, सुरुवातीची काही वर्षं त्याहून जास्त दराने. आपल्या उदाहरणात १४,४०० आणि वर महागाई दिलासा. पोटगी त्याच्या उत्पन्नावर उभी असते, तो गेला की ते उत्पन्न बंद. आणि घटस्फोटित बायकोला फॅमिली पेन्शन नाही. म्हणजे दोन्ही दारं एकाच दिवशी बंद.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या हातून झालेली चूक आहे, सांगते. वकिली सुरू करून पाच-सहा वर्षं झाली होती. एका नाईकाच्या बायकोचा संमतीचा घटस्फोट मी केला. एकरकमी पैसे घेतले, मला वाटलं छान तडजोड झाली, त्या काळात चांगली रक्कम होती. मसुदा मीच लिहिला, त्यात ते नेहमीचं वाक्यही मीच घातलं: यापुढे उभय पक्षांचा एकमेकांवर कसलाही हक्क, अधिकार राहणार नाही. चौदा महिन्यांनी तो माणूस मोटरसायकलच्या अपघातात गेला. मधल्या काळात त्याने दुसरं लग्न केलं होतं, रीतसर. फॅमिली पेन्शन त्या बाईला सुरू झाली, आणि तिचंही काही चुकलं नव्हतं. माझी अशील ऑफिसात आली, काही बोलली नाही, मुलीला बाकावर बसवून म्हणाली, "मॅडम, हे होईल असं तेव्हा कुणी सांगितलं नाही." कुणी म्हणजे मीच की! माझे वडील सुभेदार म्हणून रिटायर झालेले. घरात त्यांची ती काळी ट्रंक, त्यात आईच्या नावाचा, दोघांचा फोटो लावलेला पेन्शनचा कागद. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी त्या दिवशी मला सुचलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यातून कळली. मुलीचा हक्क गेलेला नव्हता. घटस्फोट नवरा-बायकोचा होतो, बाप-लेकीचा नाही. आईला घटस्फोट झाला नसता तर तिला फॅमिली पेन्शनचा जो हिस्सा मिळाला असता, तो त्या मुलीला मिळतो, ठरलेल्या अटींवर: पंचवीस वर्षांपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंत. जन्मदाखला, शाळेचा दाखला, घटस्फोटाचा हुकूमनामा, आणि बापाच्या सेवा-नोंदीत मुलीचं नाव. नाव होतं म्हणून जमलं. दीड वर्ष पत्रव्यवहार चालला. तेव्हा ताई, आजच्या आज एक काम करा. दोन्ही मुलांची नावं, जन्मतारखा रेकॉर्डला बरोबर आहेत का ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. त्याच फेरीत माजी सैनिकाच्या पाल्यांसाठीच्या शिष्यवृत्तीची माहिती घ्या. ईसीएचएसवरही मुलांचा हक्क राहतो, फक्त कार्ड कोणाच्या खिशात राहणार ते तडजोडीत लिहून घ्या, नाहीतर मुलगा तापाने फणफणतोय आणि कार्ड बापाकडे.

मग काय करायचं, घटस्फोटच घ्यायचा नाही? मी असं म्हणत नाही. काही जणी केवळ फॅमिली पेन्शनसाठी नाव टिकवून ठेवतात, वेगळ्या राहतात, पोटगी घेतात. काहींना ते नाव एक दिवसही नको असतं, आणि त्यांना तो अधिकार आहे. न्यायिक विभक्तता नावाचा मधला रस्ता आहे, त्यात वेगळं राहण्याचा हुकूम मिळतो आणि लग्न कायद्याने उभं राहतं. कोणता रस्ता घ्यायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं, पण किंमत माहीत असून ठरवायचं. माझ्या त्या अशीलला कदाचित घटस्फोटच हवा होता. पण मग मी तिला जास्त काही मिळवून द्यायला पाहिजे होतं.

जास्त म्हणजे काय, ते सांगते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये कायमच्या पोटगीची तरतूद आहे, आणि त्यातच लिहिलंय की ही पोटगी नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवून सुरक्षित करता येते. गावाकडे शेत असेल, रिटायरमेंटच्या पैशातून साताऱ्यात प्लॉट घेणार असेल, तर बोजा मागा. सातबाऱ्यावर नोंद झाली की ती जमीन बोज्यासकटच विकावी लागते. दुसरं, विमा. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे, त्याखाली नवऱ्याने स्वतःच्या आयुष्यावर मुलांच्या नावे पॉलिसी घेतली तर ती विश्वस्त निधी समजली जाते, नंतर त्याला किंवा त्याच्या देणेकऱ्यांना ती मोडून खाता येत नाही. संमतीच्या घटस्फोटात ही अट घालता येते, हप्ता एकरकमी भरून घेता येतो. सहा लाखांत नुसते सहा लाख येण्यापेक्षा हे बरं.

तिसरं, महिन्याची पोटगी घेणार असाल तर आकड्यात नको, टक्क्यात लिहून मागा. फौजीची पेन्शन एका जागी थांबत नाही. वन रँक वन पेन्शन २०१४ पासून लागू आहे, दर पाच वर्षांनी फेररचना होते, महागाई दिलासा वर्षातून दोनदा बदलतो, वेतन आयोग आला की सगळंच हलतं. त्याची पेन्शन वाढत जाते आणि तुमचे सहा हजार वीस वर्षं सहा हजारच राहतात. वाढवून मागता येतात, पण प्रत्येक वेळी नवा अर्ज, नव्या तारखा.

आणि ते "यापुढे कसलाही हक्क नाही" हे वाक्य. हे वाक्य साधं नाही. सुरक्षा संहितेच्या कलम १४६ मध्ये असं आहे की घटस्फोटानंतर बाईने पोटगीचा हक्क स्वखुशीने सोडला असेल तर पोटगीचा हुकूम रद्द होऊ शकतो. मुलांचा हक्क आईला सोडता येत नाही, तो सोडला असं लिहून घेतलं तरी मुलांना बांधत नाही. पण तुमचा तुम्ही सोडू शकता, आणि एका सहीत सुटतो. वाक्य घालायचंच असेल तर त्याच्या आधी काय काय मिळालं त्याची यादी तेवढीच भक्कम असली पाहिजे. रक्कम सहीच्या दिवशी किती, दुसऱ्या तारखेला किती, ग्रॅच्युइटी मिळाल्यावर मुलांच्या नावे मुदतठेव किती.

काही फुटकळ प्रश्न येतात ते पटकन घेते. बाई स्वतः सैन्यात असेल आणि नवऱ्याला उत्पन्न नसेल तर? कलम २५ दोघांनाही आहे, नवराही मागू शकतो. कलम १४४ मात्र बायकोसाठीच आहे. नवरा अग्निवीर असेल तर? चार वर्षांनंतर पेन्शनही नाही, ग्रॅच्युइटीही नाही, सेवा निधीची एकरकमी रक्कम आहे, तेव्हा जे काही मागायचं ते त्या रकमेवर नजर ठेवून. नवऱ्याने घटस्फोट न घेता दुसरं लग्न केलं तर? ते लग्नच कायद्याने नाही, आणि त्या दुसऱ्या बाईला विधवा म्हणून फॅमिली पेन्शन नाही. यावर लोक मला फार लांब लांब मेसेज करतात, पण उत्तर एवढंच आहे.

ताईंशी परवा पुन्हा बोलले. सही थांबवली आहे. भावाने तो व्हिडिओ दाखवला म्हणून तिच्या मनात शंका आली, तेव्हा व्हिडिओ चुकीचा होता तरी उपयोगी पडला म्हणायचा! पोटगीचा अर्ज त्यांच्या तालुक्यातल्या वकिलांनी तयार केलाय, या सोमवारी दाखल होईल. यजमानांकडून निरोप आला म्हणे, की दहा देतो. मी म्हटलं, आधी प्रतिज्ञापत्र, मग आकडा.

पुढच्या भागात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ येणार आहेत. पीपीओ ओळीओळीने कसा वाचायचा ते त्यांच्याकडून समजून घेऊ. तुमच्याकडे पीपीओची प्रत असेल तर समोर घेऊन बसा, आणि नंबर झाकल्याशिवाय मला फोटो पाठवू नका.